ज्ञान मागतो आहे, पण मन कोरडेच राहते

कृष्णाकाठ (मिरज):
सर्वांना सलाम. लहानपणापासून मी दर रविवारी उपासनेला जातो, कितीतरी वचने पाठ आहेत. तरीही गेले वर्षभर प्रार्थनेला बसलो की मन कोरडेच राहते. वडिलांच्या पश्चात वाटणीवरून भावाशी अबोला आहे. त्यात काय करावे, याचे ज्ञान मी बायबलमधील याकोबाच्या पत्रातील १:५ (‘ज्याला ज्ञान उणे असेल त्याने ते देवाजवळ मागावे, म्हणजे ते त्याला मिळेल’) या वचनाच्या आधाराने देवाजवळ मागत आहे. ते मिळाले हे ओळखायचे कसे? आणि अंतःकरणात काहीच हालत नसेल, तर माझा विश्वास जिवंत म्हणायचा का?

अजिंक्यतारा (सातारा):
बंधू, त्या वचनाच्या आधीची तीन वचने पुन्हा वाचावीत. याकोब तेथे परीक्षा आणि धीर यांविषयी बोलतो. म्हणजे हे आश्वासन संकटात वाट न सुचणाऱ्यासाठीच आहे. ज्ञानाची ओळख त्याच पत्रात ३:१७ मध्ये सापडते: वरून येणारे ज्ञान शुद्ध, शांतिप्रिय, सौम्य आणि दयेने भरलेले असते. तेव्हा प्रार्थनेनंतर आपलीच बाजू अधिक खरी वाटू लागते, की भावाचे म्हणणे एकदा ऐकून घ्यावेसे वाटते, हे प्रामाणिकपणे तपासावे. शलमोन राजाने देवाजवळ जे ज्ञानी मन मागितले, त्याचा मूळ इब्री अर्थही ‘ऐकणारे अंतःकरण’ असाच आहे.

आणखी एक. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली आमच्या साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ सुरू केला, तेव्हा त्यांच्या बाप्तिस्म्याला बावीस वर्षे झाली होती. इतक्या वर्षांनीही त्यांना आहे तेवढ्यावर थांबावेसे वाटले नाही. आपली तळमळही मला त्याच जातीची वाटते.

एक भगिनी (सांगली):
कोरडेपणाविषयी मला थोडे निराळे सांगायचे आहे. स्तोत्र ८८ अंधारातच संपते, शेवटी सांत्वनाची एक ओळही येत नाही. तरी ते आरंभापासून परमेश्वरालाच उद्देशून आहे आणि पवित्र शास्त्रात त्याला जागा मिळाली आहे. आई गेल्यानंतर कित्येक महिने मला दुसरे काही वाचवत नव्हते. त्या काळात डोळ्यांत पाणी आले नाही, भजनात मन रमले नाही, पण हाक मारणे मी सोडले नाही, आणि मेलेला विश्वास हाक मारत नाही, असे मी आजही मानते.

कृष्णाकाठ (मिरज):
दोघांचेही मनापासून आभार. भावाकडे जाताना पाळकसाहेबांना सोबत न्यावे का?

अजिंक्यतारा (सातारा):
मत्तय १८:१५ प्रमाणे आधी एकट्यानेच जावे. पाळकसाहेबांना फक्त प्रार्थना करायला सांगावे.