फुकट ई-बुकच्या साइटवर कादंबरी टाकली तर वाचक खरंच मिळतो का?

कोरेगावकर
नमस्कार मंडळी, मी सातारा जिल्ह्यातला, कोरेगावचा. ऊसतोड टोळ्यांवर कादंबरी लिहून तयार आहे, पण प्रकाशक म्हणतात छपाईचा खर्च तुम्ही करा आणि वर प्रतीही तुम्हीच विकत घ्या, ते काय मला परवडणारं नाही. मित्र म्हणतोय फुकट ई-बुकवाल्यांकडं दे. पण तिथं कोण वाचतं का, का नुसतं डाऊनलोड करून मोबाईलमध्ये पडून राहतं? आणि एकदा फुकट दिलं की माझा हक्क गेला का? फाइल डीटीपीवाल्यानं श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टमध्ये केलेली आहे.

कृष्णाकाठ_सांगली
दादा, बिनधास्त द्या. माझा कथासंग्रह ई-साहित्य प्रतिष्ठानकडून आला. तिथं लेखकाचा फोन आणि ईमेल पुस्तकातच छापतात, पुस्तक व्हॉट्सअॅपवरनं या ग्रुपमधनं त्या ग्रुपमध्ये फिरत राहतं आणि वाचक सरळ तुम्हालाच फोन लावतो, मधी कोण नाही. मला तासगावहून एका रिटायर एसटी कंडक्टर काकांचा फोन आला, म्हणाले त्या पारूचं पुढं काय झालं ते सांगा, शेवट असा अर्धा का सोडलाय. अर्धा तास बोलले. दुकानात पुस्तक ठेवून असं माणूस भेटत नाही ओ. पारूची पुढची गोष्ट त्यांच्यामुळंच लिहिली. दुसरा रस्ता प्रतिलिपी अॅपचा, तिथं भागाभागानं टाकायचं, प्रत्येक भागाखाली कमेंट येते, म्हणजे वाचक कुठं गळाला ते लगेच कळतं.

वाचनवेडी_कराड
मी फक्त वाचक आहे, लिहीत नाही, तर वाचकाच्या बाजूनं सांगते. यादीत शेकडो पुस्तकं असतात, एकेका नावावर माझी नजर दोन सेकंद थांबते. त्यात नुसतं 'सामाजिक कादंबरी' लिहिलं असेल तर मी पुढं जाते. पण 'मुकादमानं उचल दिली त्याच दिवशी पोरीची शाळा सुटली' असं काही एका ओळीत दिसलं तर मी उघडणारच. आणि कृपा करून ए-फोर साइजची पीडीएफ देऊ नका, मोबाईलवर एक ओळ वाचायला डावीकडं उजवीकडं सरकवत बसावं लागतं, चांगली पुस्तकं मी त्यापायी सोडलेली आहेत. शेवटच्या पानावर ईमेल द्या, आवडलं तर मी कळवतेच, खूप जण कळवतात.

अक्षरजुळणी
फाइलचं आधी बघा. श्रीलिपीचा मजकूर फॉन्टशिवाय नुसती गिचमिड दिसतो, सर्चमध्येही सापडत नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाईलवर नीट दिसणाऱ्या अक्षरांत, बदलून घ्या आणि मग ओळन् ओळ वाचा, कारण बदलताना रफार आणि जोडाक्षरं हमखास फुटतात, 'कर्ज', 'सूर्य', 'कारखान्याच्या' असले शब्द खास तपासा. मग वर्डमधनं कॅलिबर नावाच्या फुकट सॉफ्टवेअरनं ईपब ही ई-बुकची फाइल होते, त्यात अक्षर वाचकाला हवं तेवढं मोठं करता येतं. वर ताई म्हणतात तो त्रास मिटतो.
हक्काचं म्हणाल तर फुकट वाटल्यानं कॉपीराइट जात नाही, भारतात तो लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो, नोंदणी सक्तीची नाही. फक्त कुठं काय कबूल करताय ते वाचून करा. क्रिएटिव्ह कॉमन्सचं, म्हणजे इतरांना पुस्तक वाटायची खुली परवानगी देणारं लायसन्स एकदा दिलं की मागं घेता येत नाही. आणि अॅमेझॉनवर ई-बुक टाकताना केडीपी सिलेक्ट या त्यांच्या योजनेला टिक केली तर 90 दिवस तेच ई-बुक दुसरीकडं कुठंच ठेवता येत नाही, फुकटसुद्धा नाही, आणि अॅमेझॉनवर फुकट द्यायचं तर त्या 90 दिवसांत फक्त 5 दिवस. म्हणून आधी फुकट वाटायचं असेल तर ती टिक नकोच. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, आपल्याकडं सरकारकडून मोफत मिळतो, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

कोरेगावकर
लई आभार सगळ्यांचे. युनिकोडचं आजच बघतो. एकच शंका, सगळी कादंबरी फुकट देऊ का पहिली काही प्रकरणंच?

कृष्णाकाठ_सांगली
पहिलं पुस्तक आहे तर सगळं द्या. अर्धं देऊन पुढचं विकत घ्या म्हटलं की नव्या लेखकाला कोण विचारत नाही, नाव झालं की दुसऱ्याला किंमत लावा.

वाचनवेडी_कराड
माझे मामा टोळीचे मुकादम होते, कोप्यांवर दिवाळीला आम्ही फराळ घेऊन जायचो. पहिलं प्रकरण युनिकोडमध्ये झालं की मला मेसेज करा, त्यांना वाचून दाखवते आणि ते काय म्हणतात ते कळवते. ईपबच पाठवा.