प्रतिसाद: ‘पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं’

दादा, आठवी-नववीत गणिताचे आधी नियम पाठ करून घ्यावेत, कारणं मागाहून कळतात, असं तुम्ही लिहिलंय. पाढ्यांपुरतं मान्य. पण समीकरणात ‘बरोबरच्या चिन्हापलीकडे नेलं की चिन्ह बदलतं’ हा नियम पोरांचा घातच करतो. माझ्याकडे फोंड्यात शिकवणीला येणारी मुलं −३क्ष = १२ मधले −३ पलीकडे नेतात, चिन्ह बदलतात, १२ ला ३ ने भागतात आणि ४ उत्तर लिहून मोकळी. नियम तर पाळला ना! तेच ४ परत समीकरणात घाला म्हटलं की −१२ येतात आणि चेहरे पडतात. म्हणून मी प्रत्येक पायरीशेजारी ‘दोन्ही बाजूंना −३ ने भागून’ असं लिहायला लावतो. वेळ जातो, पालक कुरकुरतात, कुरकुरू देत.

आपल्याकडे गोव्यात मराठी प्राथमिकमधून पाचवीत इंग्रजी माध्यमात गेलेली मुलं तर पाठांतरालाच धरून बसतात. वाक्य कळो न कळो, कृती जमते.

√९ चंही तसंच, पोरं ±३ लिहून मोकळी. √९ म्हणजे ३, फक्त ३. ±३ ही क्ष² = ९ ची उत्तरं. आणि पाय (π) अपरिमेय आहे, म्हणजे कुठल्याच अपूर्णांकात नेमका मांडता येत नाही, असं नववीत शिकवून वर्तुळाच्या क्षेत्रफळाला बिनदिक्कत ‘पाय = २२/७’ लिहायचं? ‘सुमारे’ एवढा एक शब्द घालायला काय जातं?