गिटारवाल्या बर्गर हॉटेलात संध्याकाळी किती वाजता जावं?

परळची पोरगी: शनिवारी भावाचा वाढदिवस आहे, तेविसावा, त्याला भिंतीवर गिटारी टांगलेल्या असतात तसल्या ठिकाणी बर्गर आणि कॉकटेल हवंय. सोबत आई पण आहे, ती शाकाहारी. जमेल का?

लोअरपरळी: कॉकटेल विसर. महाराष्ट्रात बियर-वाइनला २१ चालतात पण हार्ड ड्रिंकला २५ पूर्ण लागतात, आयडी मागतात. मॉकटेल घ्या त्याला, चिडेल जरा.

जुना वरळीकर: ही गिटारी टांगायची फॅशन हार्ड रॉक कॅफेची, १९७१ ला लंडनमध्ये सुरू झालं आणि पहिली गिटार एरिक क्लॅप्टनची. असो. आठच्या आत जा, नंतर बँड सुरू झाला की वेटरला पण ओरडून सांगावं लागतं. आम्ही एका ठिकाणी (नाव नको) "नो चीज" सांगितलं तर "मोअर चीज" आलं, बायको अजून हसते!

लोअरपरळी: आईंना स्पीकरपासून लांबचं टेबल मागा. व्हेज पॅटी वेगळ्या तव्यावर करतात का तेही विचारा, आणि बर्गर अर्धा कापूनच आणायला सांगा, नाहीतर सगळा सॉस साडीवर.

परळची पोरगी: साडीचं लक्षातच नव्हतं 😄 साडेसातचं बुकिंग करते.