एर्न्स्ट बार्लाखची लाकडी माणसं कुणी बघितलीत का?

एल्बेकाठचा
मंडळी, हॅम्बुर्गला दोन वर्षं झाली, परवा रविवारी पाऊस लागला म्हणून येनिश पार्कातल्या बार्लाख हाऊसमध्ये, म्हणजे ह्या जर्मन शिल्पकाराच्या संग्रहालयात शिरलो, खरं सांगायचं तर कोरडं राहायला. आत ओकच्या लाकडातली नऊ माणसं ओळीनं उभी, सगळी काहीतरी ऐकतायत, काय ते सांगत नाहीत. अर्धा तास हललोच नाही राव. पण ह्याला सामाजिक शिल्पकार का म्हणतात? ना मूठ आवळलेली ना घोषणा, सगळे आपले घोंगडी पांघरल्यासारखे स्वतःत मिटलेले. आणि लाकूडच का, ब्राँझ परवडत नव्हतं का 😀

पटाशीवाला
ब्राँझ पण केलंय त्यानं, भरपूर. लाकडाचं मी सांगतो, घरात तीन पिढ्या सुतारकी आहे. खोडाच्या रेषा उभ्या जातात, त्यात हात आडवा बाहेर काढलात की तिथं रेषा आखूड पडते आणि एक टोला चुकला की हात गेला, म्हणून माणूस ओंडक्यातच बसवायचा, हात अंगाशी, वर घोळदार कपडा. हा त्या अडचणीवरच जगला. तुम्हाला मिटलेपण दिसलं ना, ते अर्धं ओंडक्याचं आहे. आणि परत गेलात तर उजेडाच्या बाजूनं तिरके बघा, पटाशीचे घाव तसेच ठेवलेत, घासून गुळगुळीत नाही केलं. आमच्याकडे गिऱ्हाईक असं काम परत पाठवेल.

मायबोलीण_कोलोन
घोंगडी बरोबर पकडलीत! 1906 मध्ये हा भावाकडे खार्किवला गेला, तेव्हा ते रशियात होतं, तिथले जाड कपड्यांतले शेतकरी आणि भिकारी बघून आला आणि मग आयुष्यभर तेच कोरत राहिला. सामाजिक म्हणजे काय ते बघायचं तर माग्देबुर्गच्या कॅथीड्रलमधलं 1929 चं युद्धस्मारक बघा, तेही ओकचंच. स्मारक म्हटल्यावर लोकांना शूर जवान हवा होता, ह्यानं क्रुसाभोवती तीन थिजलेले सैनिक उभे केले आणि खाली तोंड झाकून घेतलेली बाई, शिरस्त्राण घातलेला सांगाडा, आणि डोकं धरून बसलेला एक जण, त्याच्या छातीवर गॅस मास्क. विजय कुठंच नाही. लोक भडकले, 1934 मध्ये काढून टाकलं, 1955 मध्ये परत आलं. 1937 मध्ये तर नाझींनी 'विकृत कला' म्हणून त्याची 381 कामं संग्रहालयांतून उचलली. ग्युस्त्रोच्या चर्चमधला तरंगता देवदूत तेव्हाच काढला आणि नंतर वितळवला. मित्रांनी साच्यावरून गुपचूप दुसरा ओतून लपवून ठेवला, तो आता आमच्या अँटोनिटर चर्चमध्ये टांगलाय. चेहरा चित्रकार-शिल्पकार कॅथे कोलविट्झचा आहे. ऑफिसमधून येताना मी कधी कधी नुसती खाली जाऊन बसते.

वाकडा_प्रश्न
सगळं छान, पण देव्हाऱ्यात बसवू नका. 1914 मध्ये हाच माणूस युद्धाच्या बाजूनं होता, तलवार उगारून झेपावणारा 'सूड घेणारा' त्याच वर्षीचा. आणि ऑगस्ट 1934 मध्ये हिटलरला पाठिंबा देणाऱ्या कलावंतांच्या पत्रकावर ह्याची सही आहे. हे कुणी सांगत नाही.

मायबोलीण_कोलोन
सही आहे, नाकारत नाहीच. तेव्हा त्याच्यावर चहूबाजूंनी शिंतोडे उडत होते, कामं निघत होती, घाबरून केली असणार असं मला वाटतं, पण केली ती केलीच. युद्धाचं वेड मात्र तो स्वतः जाऊन आला तेव्हा उतरलं, 1915 मध्ये भरती झाला आणि काही महिन्यांत परत आला तो युद्धाचं कौतुक मागे टाकूनच.

पटाशीवाला
गंमत म्हणजे तोच 'सूड घेणारा' त्यानं 1922 मध्ये पुन्हा लाकडात केला. स्वतःचीच 1914 ची आकृती, तीही अशी आडवी झेपावणारी, ओंडक्यात परत कोरायला घ्यायची म्हणजे डोक्यात काय चाललं असेल.

एल्बेकाठचा
बापरे, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. त्या नऊ जणांबद्दल मीही शोधलं, मूळ कल्पना बेथोवनच्या स्मारकाची होती, ते काही झालं नाही, मग पैसे संपले, शेवटी रीम्ट्स्मा नावाच्या सिगारेट कारखानदारानं उरलेल्या आकृत्या करून घेतल्या, 1935 ला पूर्ण. म्हणजे चहूकडून बंद होत असताना हा माणूस ऐकणारी माणसं कोरत बसला होता. पुढच्या शनिवारी माग्देबुर्गचं तिकीट काढलंय. पटाशीवाले दादा, तिरकं बघेन.