मदत हवी आहे: पॅन-लोह नॅनोफायबरची चटई चुरा होते, ओआरआरचा (ऑक्सिजनच्या क्षपणाचा) करंटही कमी

जळगावहून विचारतोय. इलेक्ट्रोस्पिनिंगने (उच्च विद्युतदाबाने द्रावणातून तंतू ओढून) चटई बनवतो. पॅन (पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइल हे बहुवारिक, रेणुभार 150000) डीएमएफ या द्रावकात 10 टक्के, त्यात पॅनच्या वजनाच्या 8 टक्के लोह अ‍ॅसिटिलअ‍ॅसिटोनेट. 15 किलोव्होल्ट, सुई ते ड्रम 15 सेंमी, ताशी 0.8 मिली. पाऊस लागल्यापासून सुईच्या टोकाला घट्ट गोळा धरतो. हवेत मिनिटाला 5 अंशांनी 280 पर्यंत, एक तास. मग नायट्रोजनमध्ये 900 अंश. चटई बोटांत चुरते. 0.1 मोलर केओएचमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) फिरत्या डिस्क इलेक्ट्रोडवर 1600 आरपीएमला लिमिटिंग करंट (कमाल स्थिर करंट) जेमतेम 3.2 मिलिअ‍ॅम्पियर प्रति चौ. सेंमी. लोह वाढवू का?

उत्तर १
भाऊ, लोहाला आत्ता हात लावू नका, आधी तंतू सुधारा. पॅनची वलयं जुळताना उष्णता बाहेर पडते; 5 अंशांचा वेग असला की ती आतच साठते, तंतू मऊ होऊन एकमेकांना चिकटतात आणि पुढे 900 ला तडकतात. मिनिटाला 1 अंश ठेवा, 250-260 वर दोन तास. चटई आक्रसते, म्हणून कडा दाबून ठेवा. मधला भाग उघडा हवा, तिथून ऑक्सिजन आत गेला पाहिजे. भट्टीतून काढलेला तुकडा रात्रभर डीएमएफमध्ये टाका. विरघळला किंवा लिबलिबीत झाला, तर स्थिरीकरण (हवेतलं तापवणं) अपुरं आहे. अशी चटई 900 ला नेऊच नका.

गोळा बाष्पामुळे. पाणी लागताच पॅन डीएमएफमधून बाहेर पडतो. पेटी बंद करून सिलिका जेल ठेवा, आर्द्रता 40 टक्क्यांच्या आत आणा. पॅन 60 अंशांवर व्हॅक्यूममध्ये वाळवा. डीएमएफ स्वतःच पाणी ओढतं, उघडी राहिलेली बाटली वापरू नका. वाफ मात्र फ्यूमहूडमध्येच सोडा.

उत्तर २
करंट कमी असण्याचं कारण डिस्कवर लावलेल्या नमुन्याच्या थरातही असू शकतं. लांब तंतू डिस्कवर सपाट बसत नाहीत. खलात बारीक करा. 5 मिग्रॅ पूड, 1 मिली पाणी-आयसोप्रोपेनॉल, थोडं नॅफिऑन (थर चिकटवणारं बहुवारिक), बर्फाच्या पाण्यात अर्धा तास सोनिकेशन (ध्वनिलहरींनी मिसळणं). 5 मिमी डिस्कवर 10 मायक्रोलिटर म्हणजे साधारण 0.25 मिग्रॅ प्रति चौ. सेंमी. पालथ्या बीकरखाली सावकाश वाळू द्या. त्याच सेलमध्ये प्लॅटिनम-कार्बन (तुलनेचा नेहमीचा उत्प्रेरक) लावून बघा: 25 अंशांना 5.5 ते 6 आला, तर सेल ठीक, दोष नमुन्यात किंवा त्याच्या थरात. तोही कमी आला, तर ऑक्सिजन किंवा थर लावण्याची पद्धत तपासा. सेलला 25 अंशांचं वॉटर जॅकेट लावाच. खानदेशच्या उन्हाळ्यात खोलीच्या तापमानावर घेतलेले आकडे कुणाशी ताडता येत नाहीत.

विचारणारा
थर एकसारखा बसूनही 3 च्या आसपासच राहिला तर? रिंग-डिस्क (पेरॉक्साइडही मोजणारा इलेक्ट्रोड) नाही इथे.

उत्तर २
मग अभिक्रिया दोन इलेक्ट्रॉनांवर, पेरॉक्साइडपाशी थांबत असण्याची शक्यता मोठी. 400 ते 2500 आरपीएमच्या कोटेकी-लेविच रेषांवरून (फिरण्याच्या वेगानुसार करंटचा आलेख) इलेक्ट्रॉनांच्या संख्येचा अंदाज येईल, पण सच्छिद्र थरात तो फसवतो. प्रकाशनासाठी रिंग-डिस्क कुठून तरी मिळवाच. आणि काउंटर (सेलमधला दुसरा, करंट पूर्ण करणारा इलेक्ट्रोड) प्लॅटिनमचा असेल तर ग्रॅफाइट कांडी लावा, नाहीतर विरघळलेलं प्लॅटिनम तुमच्या नमुन्यावर बसून खोटं यश दाखवेल.