मदत हवी आहे: हे सॅप आहे की ब्लॅकजॅक?

मंडळी, जरा मदत करा. काकांच्या जुन्या पेटीत चामड्याची एक वस्तू सापडली, वीतभर लांब, एका टोकाला जड, आधी मला वाटलं चपलेचा तळ काढून ठेवलाय की काय 😅 मग कळलं हे सॅप किंवा ब्लॅकजॅक नावाचं, हातात धरून मारायचं छोटं हत्यार आहे, अमेरिकेतले जुने पोलीस असलं जवळ बाळगायचे, त्यांच्या पँटला मागे मांडीवर खास सॅप पॉकेट असायचा म्हणे. आत शिसं असतं आणि दांड्यात स्प्रिंग, त्यामुळे दिसायला एवढंसं पण डोक्यात बसलं तर कवटी फुटू शकते, म्हणून नंतर बऱ्याच ठिकाणी बंदी आली.

आता प्रश्न असा की चपटं ते सॅप आणि गोल डोक्याचं ते ब्लॅकजॅक असं वाचलं, पण माझं धड चपटंही नाही न धड गोलही, मग याला म्हणायचं काय? दुसरं म्हणजे टोकाची शिवण उसवलीय आणि तिथून पांढरी भुकटी गळतेय, शिशाचीच असणार, विषारी असते म्हणून ब्रश लावलेला नाही, पिशवीत बांधून ठेवलंय. चामडं पण कडक होऊन तडकलंय. मेण लावू का तसंच राहू देऊ? आणि शिवण परत घातली तर जुनेपणाची किंमत जाते का? कोणी असलं काही जपून ठेवलं असेल तर प्लीज सांगा.