मदत हवी आहे : लहान सागरी टाकीतील प्रवाळांसाठी प्रकाशाची मांडणी

सर्व सभासदांना नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याजवळच्या आमच्या गावी मी ६० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळतो. दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे आणि ते योग्यच आहे. त्यामुळे टाकीत फक्त झोअँथिड आणि मशरूम हे दगडी सांगाडा नसलेले प्रवाळ आहेत.

पाण्यापासून वीतभर उंचीवर निळा-पांढरा एलईडी दिवा टांगलेला आहे. कडेच्या दगडावरील झोअँथिडचे देठ उजेडाच्या दिशेने लांबट होत चालले आहेत, तर दिव्याच्या थेट खाली असलेल्या मशरूमच्या कडा आत वळून त्यांचा तपकिरी रंग फिका पडत आहे. प्रवाळांच्या ऊतींत राहणारे सूक्ष्म शैवाल ४०० ते ५०० नॅनोमीटरचा निळा प्रकाश उत्तम वापरते, हे लक्षात घेता केवळ पांढरा प्रकाश कमी करावा, की दिवाच वर घेऊन प्रकाश सर्वत्र पसरू द्यावा? पार मीटर (प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी प्रकाश मोजणारे उपकरण) परवडणारा नाही, म्हणून त्याशिवाय अंदाज कसा बांधावा, तेही कृपया सांगावे.

मला अधिक काळजी उन्हाळ्याची वाटते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, खोलीत कूलर असूनही टाकीचे पाणी तापते आणि दुपारी वीज गेली की दिवा व पंखा दोन्ही बंद पडतात. इन्व्हर्टरवर कसाबसा पंप चालतो. अशा स्थितीत दिवसा टाकी झाकून ठेवून रात्री आठ-नऊ तास दिवा लावला, तर प्रवाळांना ते मानवेल का, आणि हा बदल एकदम करावा की रोज थोडी वेळ सरकवत न्यावी?